अक्कलदाढ काढणे

अक्कलदाढ काढणे ही जबड्याच्या सर्वांत मागच्या टोकाला येणारी तिसरी दाढ काढून टाकण्याची दंतवैद्यकीय प्रक्रिया आहे. दाढ पूर्णपणे उगवलेली व सरळ असेल, तर ती इतर दाताप्रमाणे चिमट्याने काढता येते. ती हिरडीखाली किंवा हाडात अडकलेली असेल, तर हिरडीला छेद देऊन, आवश्यक तेवढे हाड कोरून आणि प्रसंगी दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. मुख व जबडा शल्यचिकित्सेतील सर्वाधिक प्रमाणात होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये हिची गणना होते. बहुसंख्य शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन दवाखान्यातच केल्या जातात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. वेदना, सूज आणि तोंड उघडण्यास होणारा त्रास ही या शस्त्रक्रियेनंतरची अपेक्षित लक्षणे असून ती सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत ओसरतात.

दुखणारी किंवा संसर्ग झालेली अक्कलदाढ काढावी याविषयी मतभेद नाहीत. मात्र कोणताही त्रास न देणारी, पण अडकलेली दाढ भविष्यातील त्रास टाळण्यासाठी आधीच काढावी की नाही, हा दंतवैद्यकातील दीर्घकाळ चाललेला वाद आहे.

नाव

‘अक्कल’ हा शब्द अरबी भाषेतून फारसीमार्गे मराठीत आला असून ‘दाढ’ हा शब्द संस्कृत ‘दंष्ट्रा’ या शब्दापासून आला आहे. मनुष्य जाणता होण्याच्या वयात ही दाढ येते, या समजुतीवरून तिला हे नाव मिळाले. अरबी व लॅटिन भाषांतील तिच्या नावांचा अर्थही ‘बुद्धीचा दात’ असाच होतो. तुर्की भाषेत तिला ‘वीस वर्षांचा दात’, तर कोरियन भाषेत ‘प्रेमाचा दात’ म्हणतात. जपानी भाषेतील नावाचा अर्थ ‘आईवडिलांना ठाऊक नसलेला’ असा आहे. दंतवैद्यक शास्त्रात तिला ‘तिसरी दाढ’ असे संबोधतात. दातांच्या आंतरराष्ट्रीय द्विअंकी क्रमांकपद्धतीत चार अक्कलदाढांना १८, २८, ३८ व ४८ हे क्रमांक दिलेले आहेत. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दाखवतो, तर ८ हा अंक मधल्या दातापासूनचे स्थान दाखवतो.

रचना व वाढ

प्रौढ माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. त्यांपैकी चार अक्कलदाढा असून वरच्या व खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एक असते. ही दाढ घडण्यास साधारणतः ७ ते १० वर्षे वयाच्या सुमारास प्रारंभ होतो. तिचे शीर्ष किशोरवयात पूर्ण होते आणि ती बहुधा १७ ते २५ या वयात हिरडीबाहेर येते. तिच्या मुळांची वाढ त्यानंतरही काही काळ चालू राहते. या उशिरा होणाऱ्या वाढीमुळे न्यायवैद्यकात किशोरवय व तारुण्य यांच्या सीमेवरील व्यक्तीच्या वयाचा अंदाज बांधण्यासाठी अक्कलदाढेच्या क्ष-किरण चित्राचा उपयोग केला जातो.

सर्वांनाच चारही अक्कलदाढा येतात असे नाही. जगभरातील पाहण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे पाचांपैकी एका व्यक्तीत किमान एक अक्कलदाढ मुळातच तयार होत नाही. तयार झालेल्या दाढेला बाहेर येण्यास पुरेशी जागा न मिळाल्यास ती हाडात किंवा हिरडीखाली अडकून राहते. अशा दाढेला ‘रुतलेली’ किंवा ‘अडकलेली’ दाढ म्हणतात.

जागा अपुरी पडण्याचे कारण

मानवाच्या पूर्वजांचे जबडे आजच्यापेक्षा मोठे होते. अग्नीचा व हत्यारांचा वापर सुरू झाल्यानंतर अन्न मऊ झाले, चावण्याचे श्रम घटले आणि उत्क्रांतीच्या ओघात जबडा लहान होत गेला. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या मानवाच्या वंशावतरणाविषयीच्या ग्रंथात, सुसंस्कृत मानवसमूहांमध्ये अक्कलदाढ अवशेषरूप होत चालल्याचे मत मांडले होते.

आनुवंशिकतेबरोबरच बालपणातील आहाराचाही यात वाटा असतो. वाढीच्या वयात जबड्यावर पडणारा चावण्याचा ताण हाडाच्या वाढीला चालना देतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या विविध भागांतील कवट्यांची तुलना करण्यात आली. शिकार व अन्नसंकलन करणाऱ्या समूहांचे खालचे जबडे शेतीवर जगणाऱ्या समूहांच्या जबड्यांपेक्षा लांब असल्याचे त्यात आढळले. दातांचा आकार मात्र जबड्याइतक्या सहज बदलत नाही. त्यामुळे सर्वांत शेवटी येणाऱ्या दाढेला जागा उरत नाही.

असे असले तरी हा विकार केवळ आधुनिक काळातील नाही. फ्रान्समधील कॅप ब्लाँ येथे १९११ साली सापडलेला आणि शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ठेवलेला सुमारे १३,००० ते १५,००० वर्षांपूर्वीचा एका स्त्रीचा सांगाडा प्रसिद्ध आहे. अक्कलदाढा बाहेर आलेल्या नसल्यामुळे ती किशोरवयीन मुलगी असावी असे पूर्वी मानले जाई. पुढे क्ष-किरण तपासणीत त्या दाढा अडकलेल्या असल्याचे आणि ती २५ ते ३५ वर्षांची प्रौढ स्त्री असल्याचे स्पष्ट झाले. अडकलेल्या अक्कलदाढेचे हे सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांपैकी एक आहे.

अडकलेल्या दाढेचे प्रकार

दाढेचा कल, खोली आणि तिला उपलब्ध असलेली जागा यांवरून तिचे वर्गीकरण करतात. जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली मांडलेल्या वर्गीकरणात दाढेच्या कलानुसार पुढील मुख्य प्रकार येतात :

• पुढे कललेली – दाढेचे तोंड पुढील दाढेकडे तिरके असते. खालच्या जबड्यात हा प्रकार सर्वाधिक आढळतो.
• सरळ – दाढ उभी असते, पण पूर्ण वर आलेली नसते.
• आडवी – दाढ हाडात जवळजवळ झोपलेली असते.
• मागे कललेली – दाढेचे तोंड मागे असते. खालच्या जबड्यातील अशी दाढ काढणे बहुधा सर्वांत कठीण जाते, कारण ती बाहेर काढण्याची दिशा हाडाच्या आड येते.

पेल व ग्रेगरी यांनी १९३३ साली दुसरे वर्गीकरण मांडले. दाढ शेजारच्या दाढेच्या तुलनेत किती खोल आहे आणि जबड्याच्या उभ्या भागापुढे तिला किती जागा आहे, यावर ते आधारलेले आहे. शस्त्रक्रिया किती अवघड जाईल याचा अंदाज घेण्यासाठी या दोन्ही वर्गीकरणांचा आजही उपयोग होतो.

काढण्याची कारणे

अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा एक पापुद्रा राहतो. त्याखाली अन्नकण व जंतू साचतात आणि घासणी करूनही तेथे स्वच्छता होत नाही. परिणामी हिरडी सुजते, लाल होते, गिळताना दुखते, तोंडाला दुर्गंधी येते, जबड्याखाली अवधाण येते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. हा दाह अक्कलदाढ काढण्याचे सर्वांत प्रमुख कारण आहे. एकदा शमलेला दाह पुन्हा पुन्हा उलटत असल्यास दाढ काढण्याचा सल्ला दिला जातो.

याशिवाय पुढील कारणांसाठी दाढ काढली जाते :

• अक्कलदाढेला लागलेली आणि भरता न येण्याजोगी कीड.
• तिच्या पुढील दुसऱ्या दाढेला लागणारी कीड. दोन दाढांच्या तिरक्या सांध्यात अन्न अडकून एरवी निरोगी असलेली, चावण्यासाठी महत्त्वाची दाढ धोक्यात येते.
• दुसऱ्या दाढेमागील हाडाची झीज व हिरडीचा विकार.
• अडकलेल्या दाढेभोवती तयार होणारी द्रवयुक्त गाठ किंवा क्वचित अर्बुद. अशी गाठ बराच काळ न दुखता वाढते आणि जबड्याचे हाड पोखरते.
• जबड्याच्या अन्य शस्त्रक्रियेत दाढेचा येणारा अडथळा.

पुढचे दात वेडेवाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढण्याची प्रथा पूर्वी होती. परंतु खालच्या पुढच्या दातांची वयानुसार होणारी दाटी अक्कलदाढ नसलेल्यांतही आढळते. त्यामुळे केवळ या कारणासाठी दाढ काढणे समर्थनीय मानले जात नाही.

त्रास नसलेली दाढ काढावी का

हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे आज काहीही दुखत नसताना शस्त्रक्रियेची जोखीम पत्करावी लागते. आधीच दाढ काढण्याच्या बाजूने असे सांगितले जाते की, तरुण वयात मुळे अपूर्ण असतात, हाड लवचीक असते आणि जखम लवकर भरते. वय वाढेल तसे हाड घट्ट होते व गुंतागुंतीचे प्रमाण वाढते. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, पुष्कळशा अडकलेल्या दाढा आयुष्यभर त्रास देत नाहीत. त्या सरसकट काढल्यास अनेकांना विनाकारण वेदना, खर्च आणि मज्जातंतूच्या इजेचा धोका सोसावा लागतो.

ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य व काळजी उत्कृष्टता संस्थेने (नाइस) २००० साली निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा नेमाने काढण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस केली. अमेरिकेत जे फ्रीडमन यांनी २००७ साली लिहिलेल्या लेखात, देशात दरवर्षी सुमारे ५० लाख लोकांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात आणि त्यांतील बहुतेक काढण्याची गरज नसते, अशी टीका केली. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रतिबंधात्मक शस्त्रक्रियेविरुद्ध भूमिका घेतली. तेथील मुख व जबडा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने मात्र लवकर शस्त्रक्रिया करण्याचा पर्याय योग्य ठरवला आहे.

ब्रिटनमधील पुढचा अनुभव दोन्ही बाजूंनी उद्धृत केला जातो. नव्या शिफारशीनंतर तेथे शस्त्रक्रियांची संख्या प्रथम घटली. त्यानंतर ती पुन्हा वाढली आणि रुग्णांचे सरासरी वय २५ वरून ३२ वर्षांवर गेले. दुसऱ्या दाढेची कीड हे कारणही अधिक प्रमाणात नोंदवले जाऊ लागले. म्हणजे काही रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रिया टळली नाही, केवळ लांबली. २०२० साली अद्ययावत केलेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार, त्रास व विकार नसलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठरवण्यास पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. म्हणून निर्णय प्रत्येक रुग्णाच्या दाढेची स्थिती, वय, तोंडाची स्वच्छता आणि स्वतःची पसंती पाहून घ्यावा, असे मानले जाते. दाढ न काढण्याचे ठरल्यास ठरावीक काळाने तिची तपासणी करणे आवश्यक असते. ‘दुखत नाही’ आणि ‘विकार नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी

तपासणीत तोंड किती उघडते, दाढ किती बाहेर आली आहे आणि सूज आहे का, हे पाहिले जाते. सुपारी, गुटखा इत्यादींच्या सेवनामुळे गालांच्या आतील त्वचा ताठर झालेल्या रुग्णांत तोंड कमी उघडते व शस्त्रक्रिया कठीण होते. त्यानंतर दोन्ही जबडे एकत्र दाखवणारे क्ष-किरण चित्र काढतात. दवाखान्यात ते ‘ओपीजी’ या नावाने ओळखले जाते. दाढेची मुळे खालच्या जबड्यातील मज्जातंतूच्या नलिकेला चिकटलेली दिसल्यास ‘सीबीसीटी’ हे त्रिमितीय चित्र काढले जाते.

रुग्णाने आपले आजार, नियमित औषधे आणि औषधांची ॲलर्जी यांची पूर्ण माहिती देणे महत्त्वाचे असते. मधुमेह, हृदयविकार, गर्भावस्था, रक्त पातळ करणारी औषधे आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे यांचा शस्त्रक्रियेच्या नियोजनावर परिणाम होतो. रक्त पातळ करणारी गोळी रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती थांबवल्यास हृदय किंवा मेंदूत गुठळी होण्याचा धोका दाढेतून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा गंभीर ठरू शकतो. दाढेभोवती तीव्र दाह असल्यास बहुधा तो आधी आटोक्यात आणला जातो. केवळ स्थानिक भूल द्यायची असल्यास हलके जेवण करून जाणे इष्ट असते. संपूर्ण भूल द्यायची असल्यास मात्र सामान्यतः सहा तास आधीपासून घन आहार बंद ठेवतात.

भूल

बहुसंख्य रुग्णांना लिग्नोकेन व ॲड्रेनलिन यांचे मिश्रण असलेले इंजेक्शन दिले जाते. ॲड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि भुलीचा परिणाम अधिक काळ टिकतो. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागील भागात, मज्जातंतू हाडात शिरतो तेथे इंजेक्शन देतात. त्यामुळे त्या बाजूचा ओठ, हनुवटी आणि जीभ बधिर होते. ओठ जड वाटणे ही भूल लागल्याची खूण होय.

स्थानिक भूल वेदना थांबवते, परंतु दाब व कंपने यांची जाणीव थांबवत नाही. म्हणून रुग्णाला ढकलल्यासारखे वाटते आणि हाड कोरण्याचा किंवा दाढ तुटण्याचा आवाज ऐकू येतो. हे अपेक्षित असते. टोचल्यासारखी किंवा तीव्र वेदना झाल्यास हात वर करून तसे सुचवावे, म्हणजे अधिक भूल देता येते. अतिशय भीती वाटणाऱ्या रुग्णांना गुंगीचे औषध देतात. चारही दाढा एकाच वेळी काढायच्या असल्यास किंवा त्या फार खोल असल्यास रुग्णालयात संपूर्ण भूल दिली जाते.

शस्त्रक्रियेची पद्धत

अडकलेल्या खालच्या दाढेची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे पुढील क्रमाने होते :

१. हिरडीला छेद देऊन तिचा पदर बाजूला केला जातो.
२. दाढेवरील व बाजूचे हाड फिरत्या उपकरणाने कोरतात. हाड तापून मरू नये म्हणून त्यावर सलाइनची धार सतत सोडली जाते.
३. आवश्यकता असल्यास दाढेचे शीर्ष व मुळे वेगळी करून तुकडे केले जातात. त्यामुळे कमी हाड कोरून दाढ काढता येते.
४. तरफेसारख्या उपकरणाने तुकडे सैल करून बाहेर काढतात.
५. खोबण स्वच्छ धुऊन हिरडी पूर्ववत बसवतात व टाके घालतात.
६. जखमेवर गॉजची घडी ठेवून रुग्णाला ती दातांनी दाबून धरण्यास सांगतात.

एका दाढेस साधारणतः २० ते ४५ मिनिटे लागतात. सरळ व पूर्ण उगवलेली, विशेषतः वरची, दाढ अनेकदा काही मिनिटांतच निघते. मुळे मज्जातंतूला अगदी लगटून असतील, तर केवळ शीर्ष काढून मुळे हाडातच ठेवण्याचा पर्याय काही रुग्णांत निवडला जातो. त्यामुळे मज्जातंतूच्या इजेची शक्यता कमी होते. परंतु पुढे मुळे वर सरकल्यास किंवा त्यांना संसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षित असते

• पहिला तास : गॉज ३० ते ६० मिनिटे दाबून धरल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे नव्या ऊतींचा पाया असल्यामुळे तिला जपणे हा पुढील सर्व सूचनांचा हेतू असतो.
• पहिले काही तास : ओठ व जीभ बधिर असतात. त्या अवस्थेत अन्न चावल्यास ओठ किंवा जीभ चावली जाण्याची आणि गरम पदार्थाने भाजण्याची शक्यता असते.
• पहिला दिवस : लाळेत रक्ताची लाली दिसणे स्वाभाविक आहे. भूल उतरताना ठणका सुरू होतो.
• दुसरा व तिसरा दिवस : सूज हळूहळू वाढून ४८ ते ७२ तासांच्या सुमारास सर्वाधिक होते. गालावर निळसर-पिवळा डाग पडू शकतो. जबड्याचे स्नायू आखडल्यामुळे तोंड कमी उघडते.
• चौथ्या दिवसापासून : वेदना व सूज उतरू लागते. विरघळणारे नसलेले टाके सुमारे सात दिवसांनी काढतात.
• एक ते दोन आठवडे : तोंड पूर्ववत उघडू लागते.
• पुढील काही आठवडे व महिने : हिरडी काही आठवड्यांत जुळते. खोबणीत नवे हाड भरण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

घ्यावयाची काळजी

पहिले २४ तास चूळ भरू नये, जोरात थुंकू नये आणि नळीने पेय ओढू नये, कारण तोंडातील दाबामुळे गुठळी निसटू शकते. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थोड्या थोड्या वेळाने बर्फ लावावा. घराघरांत सुजेवर गरम शेक देण्याची सवय असते. पहिल्या दिवशी मात्र शेकाने रक्तस्राव व सूज वाढू शकते. झोपताना उशी उंच घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, विशेषतः खाल्ल्यानंतर, हलकेच चूळ भरावी आणि इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत.

प्रारंभी ताक, दही, थंड दूध, पेज, आणि नंतर मऊ वरणभात, मऊ खिचडी, शिरा असे न चावता येणारे कोमट पदार्थ घ्यावेत. तिखट, कडक व बारीक कण असलेले पदार्थ, उदा. चिवडा, शेंगदाणे, फरसाण, जखम भरेपर्यंत टाळावेत. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री आणि मद्य किमान पहिले काही दिवस पूर्णपणे वर्ज्य करावे. धूम्रपानामुळे जखम भरण्यास विलंब होतो.

वेदनेसाठी आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल ही औषधे प्रमुख असून दोहोंचा एकत्रित वापर एकेका औषधापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. अक्कलदाढ काढल्यानंतरची वेदना इतकी ठरावीक स्वरूपाची असते की, नव्या वेदनाशामकांच्या चाचण्यांसाठी तिचा आदर्श म्हणून जगभर वापर होतो. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आयब्युप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. प्रतिजैविके प्रत्येक रुग्णास आवश्यक नसतात. २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार, एका व्यक्तीतील संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ निरोगी व्यक्तींना प्रतिजैविक द्यावे लागते.

गुंतागुंत

कोरडी खोबण : रक्ताची गुठळी निघून गेल्यास किंवा विरघळल्यास खोबणीतील हाड उघडे पडते. दवाखान्यात हा विकार ‘ड्राय सॉकेट’ या नावाने ओळखला जातो. कमी होत चाललेली वेदना शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार दिवसांनी अचानक वाढणे, ती कानाकडे पसरणे आणि तोंडाला दुर्गंधी येणे ही तिची लक्षणे होत. साध्या दाताच्या तुलनेत खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर तिचे प्रमाण बरेच अधिक असते. धूम्रपान आणि संततिनियमनाच्या गोळ्या हे ज्ञात जोखीमघटक आहेत. खोबण धुऊन त्यात औषधयुक्त पट्टी ठेवल्यास आराम पडतो. हा विकार अत्यंत वेदनादायक असला, तरी काही दिवसांत बरा होतो.

मज्जातंतूची इजा : खालच्या जबड्यातील मज्जातंतू दुखावल्यास ओठ व हनुवटीच्या त्या बाजूस बधिरता येते. जिभेचा मज्जातंतू दुखावल्यास जिभेची संवेदना व चव बदलते. हे मज्जातंतू स्नायूंना हालचालीचे आदेश देणारे नसल्यामुळे चेहरा वाकडा होत नाही. बहुतेक रुग्णांत संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. कायमस्वरूपी इजेचे प्रमाण सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून कमी आहे. तथापि ओठ कायमचा बधिर राहिल्यास खाणे, बोलणे व दाढी करणे या रोजच्या गोष्टींवर परिणाम होतो. त्यामुळे संमती घेण्यापूर्वी या शक्यतेची स्पष्ट कल्पना रुग्णाला देणे आवश्यक मानले जाते.

इतर : संसर्ग, लांबलेला रक्तस्राव आणि शेजारच्या दाताला इजा होऊ शकते. वरच्या दाढेच्या बाबतीत गालाच्या हाडातील पोकळीशी मार्ग उघडण्याची शक्यता असते. असे झाल्यास काही दिवस नाक जोरात शिंकरू नये. जबड्याचे हाड मोडणे ही दुर्मीळ गुंतागुंत आहे.

तातडीने वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी

गॉज दाबून धरूनही रक्तस्राव न थांबणे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत जाणे, ताप येणे आणि पू वाहणे ही लक्षणे दिसल्यास दंतवैद्याकडे त्वरित जावे. गिळता न येणे, श्वास घेण्यास त्रास होणे, आवाज बदलणे किंवा जिभेखाली व गळ्याला कडक सूज येणे ही लक्षणे संसर्ग मानेत उतरल्याची सूचक असून जिवावर बेतू शकतात. अशा वेळी दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. न काढलेल्या दाढेच्या संसर्गातही हा धोका संभवतो.

गैरसमज

वरची दाढ काढल्यास डोळे अधू होतात, असा समज महाराष्ट्रासह भारतात अनेक ठिकाणी आढळतो. दृष्टीचा मज्जातंतू स्वतंत्र असून दातांना संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूशी दृष्टीचा संबंध नाही. त्यामुळे या समजास आधार नाही. या भीतीने उपचार लांबवल्यास संसर्ग बळावतो. अक्कलदाढेचा बुद्धीशीही काही संबंध नाही. तिन्ही बाजूंनी सुजलेल्या हिरडीवर तंबाखू वा मिश्री दाबून ठेवल्याने क्षणिक बधिरता येते, परंतु मूळ विकार तसाच राहतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अधिमांसक’ नावाचा रोग वर्णिला आहे. जबड्याच्या शेवटच्या दाताजवळ मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे ही त्याची लक्षणे अक्कलदाढेभोवतालच्या दाहाशी जुळतात. त्यावर वाढलेले मांस छेदून काढण्याचा उपचार सांगितलेला आहे.

वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासातही अक्कलदाढेला स्थान आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १० डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायूचा जाहीर प्रयोग पाहिला. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम होऊनही त्याला ती जाणवली नाही, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः तो वायू घेतला आणि सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दुखरी अक्कलदाढ काढून घेतली. पुढे १८८४ साली कोकेनचा स्थानिक भुलीसाठी उपयोग सुरू झाला आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी लवकरच खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर करून दाखवला. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केले. तुलनेने सुरक्षित व परिणामकारक अशा या औषधामुळे अक्कलदाढेची शस्त्रक्रिया साध्या दवाखान्यात होऊ लागली.

महाराष्ट्र व गोव्यातील उपलब्धता

दंतवैद्यकाची पदवी घेतलेला दंतवैद्य साध्या अक्कलदाढा काढू शकतो. खोल अडकलेल्या दाढेसाठी मुख व जबडा शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे पाठवले जाते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय येथे ही शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांच्या तुलनेत कमी खर्चात होते.

हे सुद्धा पहा

• दात
• हिरडी
• जबडा
• दंतवैद्यक
• भूल
• सुश्रुतसंहिता